लिनक्स भरून आलेला संगणक छोट्या विक्रेत्याकडून घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत तुमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, तिथे पाच डेस्कटॉप आहेत, सगळे विंडोज १० वर. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही आणि त्यातला एक तर फारच जुना आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला लॅपटॉप हवाय. फक्त लिनक्सचे (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टमचे) संगणक विकणाऱ्या बेंगळुरूच्या एका छोट्या विक्रेत्याने एक लॅपटॉप आणि पाच छोट्या डेस्कटॉपचं कोटेशन दिलंय. शाहूपुरीतल्या दुकानात तेवढ्याच ताकदीचा मोठ्या कंपनीचा ‘डॉस’वाला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त आहे आणि दुकानदार म्हणतो, लिनक्स मी फुकट टाकून देतो. मग जास्तीचे पैसे कशाचे? आणि हा विक्रेता उद्या धंदा बंद करून गेला तर?

उत्तर आधी सांगतो. लॅपटॉप त्याच्याकडून जरूर घ्या, पण खालचे प्रश्न विचारून. पाच डेस्कटॉप मात्र घेऊ नका, एक घ्या. बाकीचे का नकोत ते पुढे येईलच.

जास्तीच्या पैशांचं बघू. लिनक्स टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे पैसे देण्यात अर्थ नाही. पैसे द्यायचे ते त्याआधीच्या निवडीचे. मोठ्या कंपनीच्या एकाच मॉडेल नंबरच्या लॅपटॉपमध्ये एका लॉटला इंटेलचं वाय-फाय कार्ड असतं, पुढच्या लॉटला रिअलटेकचं किंवा मीडियाटेकचं. विंडोजवाल्याला फरक कळतही नाही, कारण कंपनी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, देते. लिनक्समध्ये इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. मीडियाटेकची बरीच कार्डं आता तशीच चालतात. रिअलटेकच्या काही नव्या चिपना मात्र नवा कर्नल लागतो, नाहीतर ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल करावा लागतो, आणि तो नीट बसवला नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर सकाळी ऑफिस उघडलं की इंटरनेट गायब. दुकानदार लिनक्स टाकून देईल, केबल लावून पान उघडून दाखवेल. ही भानगड तुमच्या पदरात पडेल ती पुढे कधीतरी.

कॅमेऱ्याचंही तसंच. साधा यूएसबी जोडणीचा वेबकॅम लिनक्सवर बिनबोभाट चालतो. पण इंटेलच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये आयपीयू६ नावाच्या पद्धतीने जोडलेला कॅमेरा असतो आणि त्याने लिनक्सवाल्यांना बराच त्रास दिलाय. बोटाच्या ठशाच्या सेन्सरचा तर भरवसाच नको. बऱ्याच चिपना लिनक्समध्ये ड्रायव्हर नाही. आणखी एक नेहमीची गोष्ट: काही मशीनच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) डिस्क इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीवर ठेवलेली असते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मग कधी कधी डिस्कच दिसत नाही आणि दुकानदार सांगतो की या मशीनला लिनक्स चालत नाही. बायॉसमध्ये एक सेटिंग बदललं की चालतं, पण ते ठाऊक असलेला माणूस हवा.

सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे झोप. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप खरोखर झोपतो का? पूर्वीच्या मशीनमध्ये एस३ नावाची गाढ झोप असायची: रॅम सोडून जवळपास सगळं बंद. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ती काढून टाकून ‘मॉडर्न स्टँडबाय’ आणलंय, त्यात प्रोसेसर अर्धवट जागा राहतो. लिनक्समध्ये हे नीट जमलेलं नसेल तर मुलगी झाकण बंद करून पुण्याच्या एसटीत बसेल आणि स्वारगेटला उतरेपर्यंत बॅगेत तापलेला, बॅटरी संपलेला लॅपटॉप असेल. चांगला छोटा विक्रेता हे तपासून मगच मॉडेल विकायला ठेवतो. त्या वेळेचे, त्या डोकेफोडीचे काही हजार त्याला द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या मनात येईल की एवढासा विक्रेता लॅपटॉप बनवतो कसा. तो बनवत नाही, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६ (२००५ पासून), जर्मनीत ऑग्सबर्गची टक्सेडो यांसारख्या नावाजलेल्या लिनक्स कंपन्यांचेही बहुतेक लॅपटॉप क्लेव्हो, टाँगफँग अशा उत्पादकांच्या सांगाड्यांवर उभे असतात. निवड, फर्मवेअर (मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर), चाचणी आणि नंतरची जबाबदारी त्यांची. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: मूळ सांगाडा कुणाचा, मॉडेल क्रमांक काय? सरळ उत्तर मिळालं तर उद्या कीबोर्ड, पंखा, बॅटरी दुसरीकडून शोधता येते. उत्तर टाळलं तर मी तिथून खरेदी करणार नाही. शेतीपंपाची मोटर घेताना आपल्याकडे शेतकरी आधी विचारतो, जळाली तर वाइंडिंग कोण भरून देणार. हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

याच जागी एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या कंपन्याही लिनक्स भरून देतात. डेलने २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट स्पुटनिक’ म्हणून प्रोग्रामरांसाठी उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) एक्सपीएस १३ लॅपटॉप आणला. लेनोव्होने २०२० पासून काही थिंकपॅड लॅपटॉप फेडोरा या दुसऱ्या प्रकारासह विकायला काढले. तुमच्या हव्या त्या मॉडेलवर भारतात असा पर्याय मिळत असेल आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी असेल, तर छोट्या विक्रेत्याशी त्याची तुलना जरूर करा. ‘डॉस’वाला लॅपटॉप मात्र त्या रांगेत बसत नाही. डॉसचा अर्थ एवढाच की विंडोजचे पैसे लावलेले नाहीत. लिनक्सवर कुणी तपासलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

आता विक्रेता बंद पडण्याची भीती. ती रास्त आहे, छोटे धंदे बंद पडतात. म्हणून मशीन असं घ्यायचं की जे त्याच्याशिवायही चालेल. काही विक्रेते स्वतःचं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे लिनक्सचा आपला प्रकार, देतात, सिस्टम७६ पॉप ओएस देते, टक्सेडोचं स्वतःचं आहे. काही जण साध्या उबुंटूवर आपले दोन-चार पॅकेज घालतात, पंख्याचा वेग नाहीतर कीबोर्डचा दिवा सांभाळायला. त्याला माझी हरकत नाही. पण साध्या, कुणाचंही काही न घातलेल्या उबुंटू किंवा डेबियनच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं तर काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याला लेखी विचारा. ‘कीबोर्डचा दिवा सोडून सगळं चालतं’ हे उत्तम उत्तर आहे. ‘आमच्याच इमेजवर (आम्ही भरून दिलेल्या तयार लिनक्सवर) चालवा’ हे वाईट उत्तर आहे, कारण मग तो गेला की तुमचं मशीनही त्याच्यासोबत गेलं.

कर्नल कितवा लागतो तेही विचारा. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल आहे, उबुंटू २४.०४ निघालं तेव्हा ६.८ होता, डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. अगदी नव्या प्रोसेसरचं मशीन जुन्या कर्नलवर अडखळतं, म्हणून अगदी ताज्या मॉडेलपेक्षा वर्षभर जुनं मॉडेल मला जास्त पसंत पडतं. भरून आलेली आवृत्ती एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी, हवी. उबुंटू २४.०४ आणि त्यावर उभं असलेलं लिनक्स मिंट २२ यांना २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे मुलीचं शिक्षण पुरं होऊन नोकरी लागेपर्यंतची सोय झाली.

बायॉस अपडेटचा प्रश्न लोक विसरतात. कित्येक मशीनचं बायॉस अपडेट विंडोजच्या फाइलमधूनच येतं. लिनक्समध्ये त्यासाठी एफडब्ल्यूयूपीडी हा प्रोग्राम आणि एलव्हीएफएस हा अपडेटचा साठा अशी चांगली सोय आहे. विक्रेता तिच्यावर असेल तर फारच छान. नसेल तर पेन ड्राइव्हवरून अपडेट कसं करायचं हे त्याने लिहून दिलेलं असावं. कोअरबूट (बायॉसच्या जागी खुल्या कोडचं फर्मवेअर), इंटेलच्या चिपमधलं मॅनेजमेंट इंजिन बंद करणं वगैरे काही विक्रेते देतात. मला त्या गोष्टींबद्दल आदर आहे, पण त्यासाठी तुम्ही जादा पैसे मोजावेत असं वाटत नाही.

आणि रॅम. ती सोल्डर केलेली आहे की खाचेत बसणारी? खाचेत बसणारी घ्या, एम.२ ची एसएसडीही बदलता येणारी घ्या. १६ जीबी पुरे, पुढे वाढवता आली की झालं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड फुकटात मिळालं तरी दोनदा विचार करा. त्याचे ड्रायव्हर पूर्वीपेक्षा बरे आहेत, कर्नल मॉड्यूलचा कोडही २०२२ मध्ये कंपनीने खुला केला, तरी ते बॅटरी खातं आणि कधीमधी अपडेटला रुसतं. मुलीला मशीन लर्निंगचं काम खरोखर लागणार असेल तरच ते घ्या.

मशीन आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं? यावर मी जरा जास्त आग्रही आहे. छोटे विक्रेते बहुधा एक इमेज तयार करून सगळ्या मशीनवर तीच उतरवतात. नीट करणारा ‘ओईएम’ पद्धत वापरतो, म्हणजे पहिल्यांदा सुरू केल्यावर नाव, पासवर्ड, भाषा तुम्हीच भरता. निष्काळजी माणूस ‘युजर’ आणि ‘१२३४’ असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवून पाठवतो. अशा नकललेल्या मशीनमध्ये मशीन-आयडी (मशीनची ओळख) आणि एसएसएचच्या (दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीच्या) चाव्या सगळीकडे सारख्याच राहतात. एका ऑफिसात अशी मशीन एकत्र आली तर नेटवर्कमध्ये घोळ होऊ शकतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तर ते चूकच. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, नसते. तुमच्याकडे क्लायंटचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट असतात. म्हणून माझा सल्ला: भरून आलेल्या लिनक्सवर एक दिवस सगळं तपासा, आणि मग अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेल्या इमेजने, डिस्क एन्क्रिप्शन चालू करून, स्वतः पुन्हा लिनक्स टाका. मुलीला करू द्या. विक्रेत्यावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. हे तुम्हाला जमतं हे एकदा कळलं की त्याच्या बंद पडण्याची भीती निम्मी कमी होते.

तपासण्यात वाय-फाय, ब्लूटूथ, हेडफोनच्या पिनेचा माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा, एचडीएमआयवर प्रोजेक्टर, हे सगळं आलं. झाकण बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता यूपॉवर (upower) नावाच्या आज्ञेने दिसते; नव्या मशीनमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. फार फरक असेल तर माल बराच काळ गोदामात पडून होता किंवा वापरलेला आहे.

वॉरंटीबद्दल कोल्हापूरकरांनी जरा जास्तच विचार करायला हवा. बेंगळुरू इथून ६०० किलोमीटरच्या पुढे. घरी येऊन दुरुस्ती छोटा विक्रेता देणार नाही, मशीन पाठवावं लागेल. जायचं कुरिअर कुणाच्या खर्चाने, यायचं कुणाच्या, मशीन किती दिवसांत परत, तोवर बदली मशीन मिळतं का, हे बिलाआधी ठरवा. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो कित्येक दिवस बंद होता. तेव्हा जुलै-ऑगस्टात मशीन दुरुस्तीला पाठवायची वेळ आलीच तर हातात पर्याय असू द्या. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानाच्या मालात चालत नाही, ती बहुतेक वेळा रस्त्यानेच येते आणि वेळ लागतो. मशीन दोन वर्षांचं झालं की गरज पडायच्या आत एक बॅटरी मागवून ठेवायला हरकत नाही. मात्र ती अर्धी चार्ज करून ठेवा.

परदेशी विक्रेत्याकडून मागवायचा मोह असेल तर आवरा. ऑगस्ट २०२३ च्या आयात नियमांत कुरिअरने एक लॅपटॉप आणायला सूट ठेवली होती, पण कर भरावा लागतोच, वॉरंटीसाठी पाठवताना आणि परत आणताना सीमाशुल्काचे कागद तुमच्या गळ्यात पडतात, आणि कीबोर्ड जर्मन किंवा ब्रिटिश मांडणीचा येऊ शकतो.

बिलावर १८ टक्के जीएसटी असेल, परराज्यातून आलं तर आयजीएसटी म्हणून. हे तुमच्याच क्षेत्रातलं आहे, त्यावर मी बोलत नाही. फक्त मुलीच्या लॅपटॉपचं बिल घरच्या नावावर आणि ऑफिसच्या मशीनचं ऑफिसच्या जीएसटी क्रमांकावर, अशी दोन वेगळी बिलं घ्या. याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, बेंगळुरूला जावं लागत नाही. पण व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण सहजी मिळत नाही. स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तरच त्याला अपवाद होतो. घरच्या नावावरचं बिल यात स्वच्छ राहतं. अडॅप्टरवर बीआयएसची खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघा.

आता ऑफिस, आणि पाच डेस्कटॉप का नकोत ते.

टॅलीप्राइम लिनक्सवर थेट चालत नाही. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीवर) चालवल्याचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. क्लायंटची वह्या-पुस्तकं त्या भरवशावर ठेवू नका. आयकर खात्याच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालतात, त्यांना मायक्रोसॉफ्टचंच एक्सेल लागतं, लिबरऑफिसमध्ये त्या चालत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनांपैकी ईपास२००३ आणि प्रॉक्सकी यांचे लिनक्स ड्रायव्हर आहेत, पण पोर्टलचा सही करणारा छोटा प्रोग्राम, ब्राउझर आणि टोकन या तिघांचं जमवण्यात शेवटच्या तारखेच्या रात्री वेळ घालवणं तुम्हाला परवडणार नाही. म्हणून दोन मशीन विंडोज ११ चीच ठेवा, नवी घ्या. त्यातलं एक ‘प्रो’ असू द्या, म्हणजे लिनक्सच्या टेबलावरून रेमिना या प्रोग्रामने नेटवर्कवरून त्यात शिरून टॅली बघता येईल. विंडोज प्रो एका वेळी एकालाच असं शिरू देतं आणि तेव्हा त्या मशीनसमोर बसलेल्याचा पडदा बंद होतो. चौघांनी एकदम शिरायचं असेल तर परवाना वेगळा, खर्च वेगळा.

उरलेल्या तीनपैकी दोन जुन्या डेस्कटॉपच्या जागी नवीन मशीन घेऊच नका. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, म्हणून ती नाकारली गेली. मशीन म्हणून त्यांच्यात खोट नाही. ८ जीबी रॅम, साधी साटा एसएसडी आणि लिनक्स मिंट, एवढ्यावर ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार, स्कॅनिंग, पोर्टलवरची माहिती भरणं ही कामं पुढची काही वर्षं आरामात होतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, त्यामुळे क्लायंटची माहिती असलेली मशीन तशीच चालवू नका. पाचवं, फारच जुनं मशीन काढून त्या जागी विक्रेत्याचा एक छोटा डेस्कटॉप घ्या. वर्षभर त्याची सेवा बघा. चांगली निघाली तर पुढची मशीन त्याच्याचकडून.

प्रिंटर आधी तपासा. कॅननचा एलबीपी २९०० निम्म्या ऑफिसांत असतो आणि लिनक्सवर तोच सगळ्यात हट्टी. कॅननचा ड्रायव्हर आहे, पण तो बसवणं आणि चालता ठेवणं कटकटीचं. तो विंडोजच्या मशीनलाच राहू द्या. एचपीचे बहुतेक एचपीएलआयपी या लिनक्सच्या ड्रायव्हरवर चालतात, मात्र १०२० आणि पी११०८ सारख्यांना आधी एक प्लगइन उतरवावं लागतं. नवा घेणार असाल तर एअरप्रिंट चालणारा नेटवर्क प्रिंटर घ्या, त्याला बहुधा ड्रायव्हर लागत नाही.

मराठी टायपिंगची काळजी करू नका. इनस्क्रिप्ट लगेच चालू होतं, इंग्रजी स्पेलिंगने टाइप करणाऱ्यांना आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत पर्याय आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेवातल्या जुन्या फाइली मात्र फॉन्टशिवाय गिचमिड दिसतील. त्या विंडोजच्या मशीनवर राहू द्या, नवं सगळं युनिकोडमध्ये करा.

मुलीसाठी लिनक्स उत्तमच. सी, पायथन, डेटाबेस, नेटवर्किंग, सगळं तिथे जास्त सरळपणे शिकता येतं. एकच अडचण येऊ शकते: ऑनलाइन परीक्षांचे आणि नोकरीच्या चाचण्यांचे काही ब्राउझर फक्त विंडोज किंवा मॅकवर चालतात. कॉलेजला आत्ताच विचारून ठेवा, आणि अशा दिवशी ऑफिसातलं विंडोजचं मशीन तिच्यासाठी मोकळं ठेवा. त्यासाठी लॅपटॉपवर दोन्ही सिस्टम टाकायची गरज मला वाटत नाही.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एक ईमेल पाठवा. सांगाड्याचा मॉडेल क्रमांक, वाय-फाय कार्डाचं नाव, झोपेची पद्धत, साध्या उबुंटूवर काय चालत नाही, बायॉस अपडेटची रीत, वॉरंटीतलं कुरिअर, एवढंच विचारा, आणि त्याच मॉडेलवर चालवलेल्या एलएसपीसीआय (आतल्या भागांची यादी दाखवणाऱ्या) आज्ञेचा निकाल मागा. जाणता विक्रेता एक-दोन दिवसांत उत्तर देतो, आणि बऱ्याचदा तुम्ही न विचारलेली एखादी उणीवही स्वतःहून सांगतो. तसं उत्तर आलं तर निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे माल निघताना, असं ठरवून बघा. पार्सल कुरिअरवाल्यासमोर फोडताना व्हिडिओ घ्या, आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा. दुरुस्तीला पाठवायचं झालं तर त्याच फोममध्ये मशीन सुखरूप जातं.